गिरणीतला पाऊस

वैशाख लागला की आमच्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी पहाटे गव्हाचा चीक शिजतो. तो आंबूस, गरम वास जिन्यावरून खाली उतरतो आणि मी अंथरुणातच कूस बदलतो. पूर्वी या वासानं मला भूक लागायची. वाटीभर गरम चीक, वर तेल-तिखट, एवढं पोटात गेलं की वाळूजच्या कंपनीतल्या पहिल्या पाळीला मी तयार. आता वास आला की मी उठतो आणि शोभाच्या खोलीची खिडकी लावायला जातो. ती जागीच असते. म्हणते, "राहू द्या की उघडी. वासानं काय व्हतंय?" मग मी खिडकी अर्धी लावतो, अर्धी उघडी ठेवतो आणि चहाचं आधण टाकतो.

शोभा माझी बायको. माहेर पाचोडचं. लग्न होऊन इथं आली तेव्हा स्टेशनच्या अलीकडची ही गल्ली नुकती वसत होती आणि कुरडयांचं मनावर घेणारं कुणी नव्हतं. तिनं एकेका घराचा दिवस ठरवून दिला. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. सगळ्याजणींनी सगळीकडं जायचं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा आणि उजाडायच्या आत शिजवून सोऱ्यातून प्लास्टिकच्या लांब कागदावर घालायचा. शेजारच्या शमीमआपांनाही तिनंच शिकवलं. त्या सोऱ्या फिरवताना थकल्या की म्हणायच्या, "शोभा, तेरी पुलिस में भरती होना था." यावर शोभा म्हणायची, "आपा, हात चालवा. तोंड नंतर."

माणसं उन्हाळ्याला सुट्टीचा हंगाम म्हणतात. म्हणोत बापडी. आमच्याकडे तो कामाचा हंगाम होता आणि त्याची मुकादम माझी बायको होती. एप्रिलमधल्या जयंतीच्या निळ्या माळा अजून गल्लीत लोंबत असायच्या, त्यांच्याखालून बायका पातेली घेऊन जायच्या. सकाळी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. गच्चीवर मात्र पांढऱ्या चकत्यांच्या रांगा वाळत पडलेल्या असायच्या आणि त्यांच्यावर शोभाचे कान असायचे. डोळे नव्हे, कान. खाली स्वयंपाक करतानाही तिला वर कावळा उतरलेला कळायचा.

या हंगामाला एकच भीती असते, अवकाळीची. एका वर्षी तिनं अख्ख्या गच्चीभर कुरडया घालवल्या होत्या. ऊन लख्ख पडलेलं, आणि पश्चिमेकडून पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज जवळ जवळ येत गेला. सर येते तेव्हा आधी तिचा आवाज येतो आणि पाणी नंतर. हे गावाकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. त्या दिवशी शोभा आवाजानंतर उठली आणि पाण्यानंतर पोचली. सगळ्या कुरडयांचा लगदा झाला. दोन दिवस जेवणात मीठ जास्त पडत राहिलं. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "पुढच्या बारीला आवाज आला की मी वर." मी हसलो होतो.

आमच्या गल्लीच्या मागं कापसाच्या जिनिंगची एक गिरणी आहे. किती वर्षांपूर्वी बंद पडली ते सांगणारेही आता फार उरले नाहीत. लांबलचक शेड, वर पत्रा, भिंतीवर पिंपळ. कुरडयांचा लगदा झाला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात तिथं एकदम ट्रक लागायला लागले. शहरात कलेचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा या गिरणीत उभा राहणार होता. तुकडा म्हणजे काय, हे आम्हाला कळेना. चित्र म्हणावं तर रंग नव्हते, पुतळा म्हणावं तर चौथरा नव्हता. लोखंडाच्या जाळ्या चढत होत्या, वायरींची भेंडोळी उतरत होती. पाळी सुटल्यावर मी रोज तिकडे चक्कर मारू लागलो. मी कंपनीत स्टोअर सांभाळायचो. मोटर, बेअरिंग, पुली असलं काही दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात.

ते सगळं बनवणारी मुलगी तिशीची होती. तिचं नाव ईशानी. पायात बूट, केसांवर रुमाल, हातात कायम पाना. पहिल्या दिवशी तिला वाटलं मी वर्गणी मागायला आलोय. दुसऱ्या दिवशी तिनंच मला चहा दिला आणि काय चाललंय ते समजावून सांगितलं. छताला शेकडो लहान मोटरी. प्रत्येक मोटरीतून एक बारीक तार खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला ॲल्युमिनियमचा एक थेंब, माझ्या अंगठ्याएवढा. संगणकावरून प्रत्येक थेंब वेगळा वर-खाली करता यायचा. सगळे थेंब वर गोळा झाले की ढग, एकेक करून सुटले की सर. वरून प्रकाश, आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं लावलेले स्पीकर.

"आवाज कुठून आणला?" मी विचारलं.

"देवगाव रंगारीचा आहे, काका. मागच्या भादव्यात तिथं एका शाळेच्या पत्र्याखाली चार रात्री बसून रेकॉर्ड केला. शेजारी मका होता. पानांवर पडलेला वेगळा, पत्र्यावरचा वेगळा. स्टुडिओतला पाऊस मला नको होता. इथलाच हवा होता."

मी घरी येऊन शोभाला त्या थेंबांचं सांगितलं. ती भांडी घासत होती. नळाला कधी पाणी येईल ते महापालिकेलाही सांगता येत नव्हतं म्हणून ती दोन तांब्यांत सगळी भांडी काढत होती. म्हणाली, "नळाला नाय आन गिरणीत पाऊस. लई हुशार हायत लोकं." मी म्हटलं, उद्या संध्याकाळी पहिली चाचणी आहे, चल बघायला. "अन् कुरडया कोण बघंल? ओल्या हायत अजून. तुम्ही जा तुमच्या लोखंडी पावसात भिजायला." एवढं बोलून तिनं माझ्यावर चिमटीनं साबणाचा फेस उडवला. हे मला नीट आठवतं, कारण नंतर तिला तसं काही करताना मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उकाडा असा होता की श्वास घ्यायचाही कंटाळा यावा. चारच्या सुमारास गल्लीतली वीज गेली. कूलर बंद पडले, पंखे थांबले आणि सगळीकडे शांत झालं. गिरणीत जनरेटर होता, तिथं काही अडलं नाही. शेडच्या खिडक्यांना काळं कापड मारलेलं. आत आम्ही दहा-बारा माणसं, गल्लीतले चौघे आणि बाकी तिची माणसं. ईशानीनं हात वर केला आणि अंधार झाला.

त्यानंतर जे झालं ते मी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. आधी वारा आला, म्हणजे वाऱ्याचा आवाज. मग छताखाली करड्या उजेडात शेकडो थेंब हळूहळू वर चढले, एकमेकांना चिकटल्यासारखे झाले आणि तो पसारा श्वास घेतल्यासारखा खाली-वर होऊ लागला. लांब कुठंतरी गडगडलं. पश्चिमेच्या टोकाचे थेंब सुटले, त्यांच्या मागून पुढचे, त्यांच्या मागून त्यांच्या पुढचे. आवाज आमच्याकडे चालत येत होता. पत्रा वाजत होता, मका सळसळत होता. थेंब आमच्या डोक्यावर हातभर येऊन थांबायचे, चमकायचे आणि पुन्हा वर जायचे. या शहरात मी जन्म काढला, लेणी पाहिली, दरवाजे पाहिले, पाहुण्यांना नेऊन नेऊन दाखवले. त्या संध्याकाळी त्या पडक्या शेडमध्ये मी जे पाहिलं त्याहून सुंदर काही मी पाहिलेलं नाही. हे मी आजही बदलून सांगू शकत नाही. लाज वाटते, पण सांगू शकत नाही.

दिवे लागायच्या आतच दारातून शमीमआपांची हाक आली. "भाईसाब! अजी भाईसाब, जल्दी आओ, शोभा गिर गई!"

ती कशी पडली ते मला नंतर आपांनी सांगितलं. त्या त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. आमच्या गच्चीला तीन बाजूंनी कठडा आहे. चौथ्या बाजूला नाही, कारण तिकडं पुढेमागे एक खोली काढायची होती. खांबांच्या सळया वर आलेल्या, त्यांच्या टोकांना उपड्या बाटल्या घातलेल्या. अशा सळया या शहरात निम्म्या घरांवर दिसतात आणि निम्म्या खोल्या कधी होत नाहीत. गिरणीतला तो पत्र्यावरचा आवाज आला तशी शोभा धावत वर आली. कुरडया ओल्या, उचलल्या तर मोडल्या असत्या, म्हणून तिनं कागदाची दोन टोकं धरली आणि पाठमोरी ओढत जिन्याकडे निघाली. डोळे कागदावर. कागद जड होता, वाकडा सरकत गेला, त्याच्याबरोबर तीही वाकडी गेली. आपा ओरडल्या, पण आवाजात आवाज मिसळला. खाली सिमेंटचा ओटा होता.

मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. अंगावर कागद, कागदावर कुरडया. वर कोरडं ठणठणीत आभाळ. तिनं मला विचारलं, "भिजल्या का?"

मणका मोडला होता. कमरेखाली सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं, त्यावरून मी समजलो. दवाखान्यात ज्या खाटेवर मी बसून असायचो तिच्याजवळ कुणीतरी पेपर ठेवून गेलं होतं. पहिल्या पानावर गिरणीतल्या थेंबांचा फोटो होता आणि मे महिन्यात शहरात पाऊस पडल्याचा मोठा मथळा. लोक रांगा लावून बघत होते. पुढारी आले, शाळा आल्या, नवी लग्नं झालेली जोडपी आली. आमच्या गल्लीतून जाताना त्यांच्या गाड्यांनी आमचं फाटक अडायचं. मी कुणाला गाडी हलवायला सांगितलं नाही. ती माणसं सुंदर काहीतरी बघायला आली होती आणि तिथं ते होतं.

प्रदर्शनवाल्यांचा एक साहेब भेटायला आला. त्यानं फळं आणली आणि म्हणाला, चाचणीची सूचना आम्ही गेटवर लावली होती. मी म्हटलं, हो, वाचली होती मी. खरंच वाचली होती. आमच्या स्वयंपाकघरातून ते गेट दिसत नाही, एवढंच. ईशानी एकटी आली. ती दाराशीच उभी राहून रडली. शोभानं तिला जवळ बोलावलं, तिच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवलीस का गं?" पोरगी आणखीच रडली. ती पुढेही येत राहिली, दिवाळीला, कधी मध्येच. आता परदेशात असते. अधूनमधून फोन करते.

पण शोभाला आतून जे पोखरत होतं ते वेगळंच होतं आणि ते मला फार उशिरा कळलं. सुरुवात तिच्या सख्ख्या भावानं केली. पाचोडहून आला, पायाशी बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "अक्का, वर बघायचं नाय का गं? ढगाचा ठिपका तरी व्हता का?" मग माझ्याकडे वळून, "दाजी, एवढी शहाणी बाई, अन् असं कसं केलं?" त्याच्या पोटात माया होती. पुढं गल्लीतही तेच चाललं. कुणी कळवळून, कुणी हसून. उन्हात पाऊस गोळा करायला गेली. भोंग्याच्या आवाजाला फसली. शोभा ऐकून घ्यायची. जी बाई अख्ख्या गल्लीला कामाला लावायची तिनं हळूहळू कुणाला काही सांगणंच सोडलं. भाजीत काय घालू विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला कळंल तसं. माझं काय खरंय."

मला वाटायचं, दुखणं माणसाला असंच करतं. तिला कुशीवर वळवणं, पाठीला जखम होऊ न देणं, टँकर आला की आधी तिच्या अंघोळीचं पाणी बाजूला काढणं, यात माझे दिवस जात होते. मी स्टोअरची नोकरी सोडली. कठडा मात्र बांधून घेतला. गवंडी वर काम करत असताना ती खाली पडल्या पडल्या आवाज ऐकत होती.

दर उन्हाळ्यात ती मला एकदा तरी विचारायची, "कसं व्हतं हो ते? गिरणीतलं?" आणि दर उन्हाळ्यात मी म्हणायचो, "काही खास नव्हतं. पत्र्याचे तुकडे आणि भोंगे." जिनं त्याच्यापायी कंबर घालवली तिच्यासमोर त्याचं कौतुक कुठल्या तोंडानं करायचं? जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं असतं. ती "असं व्हय" म्हणायची आणि भिंतीकडे बघायची. माझं हे उत्तर तिला बरं वाटत असेल असं मी धरून चाललो होतो.

या वर्षी परवा संध्याकाळी वीज गेली. शमीमआपा ताज्या कुरडया तळून बशीभर ठेवून गेल्या. जाता जाता दारातून म्हणाल्या, "तेरे जैसे नहीं बने. तू रहती ना उप्पर, तो बात अलग थी." शोभानं एक तुकडा मोडला, तोंडात घातला नाही, हातातच धरून ठेवला.

"खरं सांगा," ती म्हणाली, "अगदीच फालतू व्हतं का हो ते?"

"सांगितलं ना. पत्र्याचे तुकडे."

"लहान पोरालाबी कळलं असतं का, की खोटं हाय?"

मी काहीतरी बोलणार होतो, पण तिच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. ती रागावलेली नव्हती. ती निकाल ऐकायला बसल्यासारखी माझ्याकडे बघत होती. आणि मला एकदम कळलं की इतके उन्हाळे मी तिला काय सांगत आलो. मी तिला सांगत आलो की तू एका टीनपाट आवाजाला फसलीस. भावानं म्हटलं ते बरोबर, गल्लीनं म्हटलं ते बरोबर, तुझी अक्कलच त्या दिवशी जागेवर नव्हती.

मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. आवाज देवगावचा होता. खरा पाऊस होता, आपल्याकडचाच, भादव्यातला. तो मुद्दाम लांबून जवळ येईल असा लावला होता, सर येते तसा. तू खाली ऐकलास तो अस्साच ऐकू येणार होता. शमीमआपा गच्चीवर उभ्या होत्या, डोळ्यांपुढे आभाळ होतं, तरी त्यांनीही दोरीवरचे कपडे काढायला घेतले होते. आणि मी तिथं शेडमध्येच उभा होतो. मला मोटरी माहीत होत्या, तारा माहीत होत्या, स्पीकर कुठे कुठे आहेत ते माहीत होतं. सर डोक्यावर आली तेव्हा मी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. काच कोरडी होती, तरी पुसला.

ती ऐकत होती. तिनं डोळे मिटले नव्हते.

"अजून एक सांगतो," मी म्हटलं. "पहिलं गडगडलं ना, तेव्हा माझ्याही मनात तेच आलं. कुरडया. मी दाराकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. मग स्वतःलाच हसलो आणि परत जाऊन उभा राहिलो."

बाहेर कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला आणि पुन्हा बंद पडला. शोभानं हातातला तुकडा बशीत ठेवला. बोटांना लागलेलं तेल पदराला पुसलं, एकेक बोट करून.

"म्हंजे मी येडी नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस."

मग तिनं हात पुढे केला, मला वाटलं माझा हात धरायला. पण तिला पाण्याचा तांब्या हवा होता. मी दिला. ती घोटभर प्यायली.

"लई उशीर केला तुम्ही सांगायला," ती म्हणाली आणि कूस बदलून द्यायची मला खूण केली.